नमुना कोणी कोणाला दाखवला? : आडुतुरैच्या भातकेंद्राची वाटचाल

कुंभकोणमहून मायिलाडुतुरैकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पूर्वेला बारा-तेरा किलोमीटरवर आडुतुरै हे गाव लागते. तिथे १९२२ मध्ये सरकारी भात संशोधन केंद्र सुरू झाले. १९८५ मध्ये त्याची तमिळनाडू भात संशोधन संस्था झाली आणि आज ती कोइंबतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली आहे. संस्थेचा इतिहास लिहायचा म्हटला की कोनशिला, इमारत आणि उद्‌घाटक यांच्यापासून आरंभ करण्याची आपल्याकडे रीत आहे. कृषिविद्येच्या बाबतीत तशी रीत पाळायची, तर लाल विटांच्या वास्तूसाठी कोइंबतूरला जावे आणि घुमटाच्या वास्तूसाठी पुण्याच्या कृषी महाविद्यालयात. भातकेंद्राची खरी वास्तू जमिनीलगत असते. बांध, पाट, सारखे आखलेले वाफे, रोपे वाढवण्याची जागा, खळे आणि ओल न लागणारी बियाण्याची कोठी, एवढेच त्याचे बांधकाम. या वास्तूत काय घडले ते समजून घ्यायचे असेल तर १९२२ च्याही जवळजवळ साठ वर्षे मागे, मद्रासजवळच्या सैदापेटपर्यंत जावे लागते. एकोणिसाव्या शतकातली सरकारी ‘नमुना शेते’ शेतकऱ्याला नमुना दाखवायला निघाली आणि अडखळली. आडुतुरैने शेतकऱ्याच्या शिवारातूनच नमुना उचलला, आणि म्हणून त्याचे बियाणे गावोगाव पोचले, असे माझे म्हणणे आहे.

सर विल्यम डेनिसन १८६१ ते १८६६ या काळात मद्रासचे गव्हर्नर होते. ते मुळात लष्करी अभियंते. मद्रास इलाख्याची शेती सुधारायची तर अवजारे सुधारली पाहिजेत, ही त्यांची पक्की धारणा होती. त्यांनी विलायतेहून वाफेवर चालणारे नांगर, कुळव, पेरणीची आणि मळणीची यंत्रे, पाणी उपसण्याची साधने मागवली, आणि ती चालवून दाखवण्यासाठी १८६५ मध्ये सैदापेट येथे नमुना शेत उभे राहिले. ठिकाण अड्यार नदीच्या बाजूचे, शहरापासून जवळ, अधिकाऱ्यांच्या नजरेखाली राहील असे. जमीन मात्र हलकी, वाळूमिश्रित. पुढे विल्यम रॉबर्टसन यांच्या देखरेखीखाली हे शेत बरीच वर्षे चालले आणि १८७६ मध्ये त्याला जोडून कृषिशाळा निघाली. ते साल ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याच वर्षी दक्षिणेत जो दुष्काळ पडला, तो १८७८ पर्यंत हटला नाही. शेतीचे स्वतंत्र खाते हवे ही गोष्ट सरकारच्या मनावर खऱ्या अर्थाने ठसली ती त्या दुष्काळाने आणि त्यानंतरच्या १८८० च्या दुष्काळ आयोगाने.

मुंबई इलाख्यातही चित्र याहून फार वेगळे नव्हते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि त्या टंचाईच्या धास्तीतून खानदेशात भडगावला सरकारी शेत निघाले. तिथले प्रयोग मुख्यतः कापसाभोवती फिरले. पुण्यात १८७९ मध्ये कॉलेज ऑफ सायन्समध्ये शेतकीचा वर्ग सुरू झाला. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिताना, १८८३ च्या सुमारास, जोतीराव फुले कुणब्याच्या दैन्याची कारणे सारा, सावकारी, भटशाही, वाहून जाणारी माती आणि अडवले न जाणारे पाणी यांत शोधत होते. त्याच्या हातातला नांगर लाकडी आहे, एवढ्यावर त्यांनी ते दैन्य ढकलले नाही. पुढे १८८९ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्हेल्कर हिंदुस्थानात आले. देशभर हिंडून त्यांनी लिहिलेला अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. इथला रयत सर्वसाधारण इंग्रज शेतकऱ्याच्या बरोबरीचा आहे, काही बाबतींत सरसही आहे, असा त्यांचा निर्वाळा आहे. त्याला पाणी आणि खत मिळत नाही, शेण चुलीत जळते, आणि अडचण तिथे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. नमुना शेतांच्या मुळाशी ‘शिकवणारा वर, शिकणारा खाली’ अशी जी उतरंड होती, तिला सरकारनेच बोलावलेल्या माणसाने दिलेला हा छेद होता.

सैदापेटला असे एका फटक्यात मोडीत काढणे अन्यायाचे आहे, असे कोणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे. सैदापेटच्या शाळेतून शिकलेली माणसे पुढे नव्या कृषिखात्याचा कणा झाली. तीच शाळा विसाव्या शतकाच्या आरंभी कोइंबतूरला हलली आणि तिथले महाविद्यालय आणि नंतरचे विद्यापीठ तिच्यातूनच वाढले. म्हणजे आडुतुरैचे केंद्रही दूरच्या नात्याने सैदापेटचेच. पण या नात्यात काय उरले आणि काय गळून पडले, ते पाहिले पाहिजे. माणसे तयार करण्याची परंपरा उरली. वाफेचा नांगर गळून पडला. एका वाळवट माळावर विलायती अवजाराने काढलेले पीक दाखवले की कावेरीच्या गाळात उभा असलेला शेतकरी ते उचलेल, हा विश्वासही त्याच्याबरोबर गेला. शेत म्हणून सैदापेट फसले आणि शाळा म्हणून तगले, असा निवाडा मला योग्य वाटतो.

आता कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाकडे येऊ. कुंभकोणम हे कावेरी आणि तिची शाखा अरसलारु यांच्या मधल्या पट्टीवर वसलेले गाव. वरच्या बाजूला चोळांच्या काळापासून चालत आलेला कल्लणै बंधारा आहे. कावेरीचे पाणी कोळ्ळिडममध्ये निसटून जाऊ लागले तेव्हा आर्थर कॉटन यांच्या योजनेने १८३६ मध्ये मुक्कोंबूचा वरचा बंधारा झाला आणि तंजावरच्या कालव्यांना पाण्याची शाश्वती आली. या शेतीशी मराठी माणसाचा संबंध वरवरचा नाही. व्यंकोजीराजांनी १६७६ मध्ये तंजावर घेतल्यापासून १८५५ मध्ये गादी खालसा होईपर्यंत इथल्या वसुलाचे कागद मोडीत लिहिले गेले आणि त्यांतले पुष्कळसे सरस्वती महालात आजही आहेत. गादीवरून दूर झालेले अमरसिंगराजे ज्या तिरुविडैमरुदूरला जाऊन राहिले, त्याच तालुक्यात आडुतुरै मोडते. ‘मिरासदार’ हा शब्द पुणे-साताऱ्याच्या दप्तरात जितका घरचा, तितकाच तंजावरच्या तमिळ शेतकऱ्याच्या तोंडी घरचा झाला. जमीन, पाणी, वसूल आणि माणसांच्या श्रेणी यांची ही घडण इतकी जुनी आणि इतकी गुंतागुंतीची होती की बाहेरून आलेल्या कोणत्याही नमुन्याला आधी तिच्याशी बोलणे भाग होते.

आणि तंजावरचा शेतकरी बोलण्यासारखा होता. मराठी वाचकाला सोपे जावे म्हणून आपल्याच शब्दांत सांगतो. कोकणात आपण हळवे, निमगरवे आणि गरवे भात म्हणतो. इथे कुरुवै हे हळवे भात, जूनच्या पाण्यावर लावून पावसाआधी, सप्टेंबरच्या आसपास काढायचे. सांबा हे गरवे, पाच-साडेपाच महिन्यांचे. कुरुवै निघाल्यावर त्याच शेतात लावायचे ते ताळडी. मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येकडून येणारा. म्हणजे कुरुवै लांबले की उभे पीक पावसात सापडते आणि ताळडीची लावणीही मागे पडते. उन्हाळ्यात रामनाथपुरमकडचे धनगर कळप घेऊन येतात आणि शेतात मेंढ्या बसवतात. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे खताचे गणित वेगळे समजावून सांगायला नको. विसाव्या शतकाच्या आरंभी कृषिखात्याने या जिल्ह्यात रोपांचा जुडगा न लावता एकेक रोप लावण्याचा प्रचार केला. बियाणे वाचते आणि फुटवे जोमदार येतात, हे त्यामागचे साधे कारण. या भागातल्या काही मिरासदारांनी स्वतः अंतर मोजून, रोपे मोजून तसे प्रयोग करून पाहिले. शंभर वर्षांनी ‘श्री’ पद्धत या नावाने मादागास्करहून फिरून आलेल्या तंत्रातही विरळ, एकेरी लावणी हाच गाभा आहे. खाते आणि शेतकरी एकाच बांधावर उभे राहिले तेव्हा काय साधते, त्याची ही पहिली चुणूक.

आडुतुरैच्या कामामागचे शास्त्र याच वळणाचे होते. डेन्मार्कच्या योहानसेनने १९०३ मध्ये शुद्ध वाणाचा सिद्धांत मांडला होता. घेवड्याच्या मिश्र बियाण्यातून एकेक झाड वेगळे काढून त्याची संतती स्वतंत्र वाढवली, तर गुण स्थिर राहतात, असे त्याने दाखवले. भातालाही हे लागू पडते, कारण भात बहुतांशी स्वतःच्याच परागाने फळते. कोइंबतूरला १९१२ मध्ये भातपैदास केंद्र निघाले आणि तिथे पार्नेल, पुढे के. रामय्या, यांनी काम केले. याच परंपरेत १९२१ च्या सुमारास कोनामणी या वाणात आपोआप झालेल्या बदलातून जीईबी २४ हा बारीक दाण्याचा वाण हाती आला. त्याची संतती पुढे कितीतरी वाणांत मिसळली. आडुतुरैचे केंद्र निघाले तेव्हा त्याच्यासमोर कोरी पाटी नव्हती. सिरुमणी, कुरुवै, कोरंगु सांबा अशा नावांची, पिढ्यान्‌पिढ्या निवडलेली, पण मळणीच्या खळ्यावर मिसळत गेलेली धाने होती. केंद्राने ती आणली, लोंबी-लोंबी वेगळी केली, प्रत्येकीची ओळ वेगळी लावली आणि वर्षानुवर्षे शेजारी-शेजारी पारखली. आडुतुरैचे पहिले ‘एडीटी’ वाण असे जन्मले. मुंबई इलाख्यात कर्जतच्या केंद्राने कोकणातल्या कोळंब्यावर हेच काम केले. कोळंबा ४२ आणि कोळंबा १८४ ही नावे जुन्या भातशेतकऱ्यांना परकी नाहीत.

शेताच्या रचनेवर इथे थोडे थांबले पाहिजे, कारण या कामामागच्या विचाराची खूण तिच्यातच सापडते. नमुना शेत पाहणाऱ्यासाठी आखलेले असते. त्याची सडक रुंद असते, अवजारांची शेड दर्शनी असते आणि पीक जितके भरघोस दिसेल तितके बरे. प्रयोगाचे शेत तुलनेसाठी आखावे लागते. एका वाणाचा वाफा दुसऱ्याशेजारी असतो, प्रत्येकाला पाणी सारखे मिळावे म्हणून पाट वेगळा असतो, जमिनीच्या चढउताराने निकाल बिघडू नये म्हणून तोच वाण पुनःपुन्हा निरनिराळ्या जागी लावतात. पाहुण्याला ते विस्कळित वाटते, कारण त्यात चांगल्याच्या शेजारी वाईटही उभे असते, आणि उभे असलेच पाहिजे. खळे आणि कोठी यांचेही तसेच. शंभर वाणांची मळणी करताना एकाचा दाणा दुसऱ्यात गेला की दहा वर्षांचे काम वाया जाते. म्हणून भातकेंद्रातली सर्वांत महत्त्वाची खोली कोणती असे विचारले, तर मी बियाण्याची कोठी म्हणेन.

यावर एक गंभीर आक्षेप येतो. आडुतुरैचे सर्वांत गाजलेले बियाणे एडीटी २७, आणि त्याचा एक जनक जपानी आहे. मग शिवारातून नमुना उचलल्याचा माझा दावा कुठे राहिला? आक्षेप रास्त आहे, म्हणून तपशिलात जायला हवे. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने इंडिका आणि जपोनिका भातांचा संकर करण्याची योजना निघाली. तिचे मुख्य काम कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत चाले. त्या संस्थेचे पहिले संचालक म्हणजे कोइंबतूरला घडलेले तेच रामय्या. अनेक देशांनी या योजनेत भाग घेतला, शेकडो संकर झाले आणि टिकले अगदी थोडे. मलायात माहसुरी आणि मालिंजा, आणि आपल्याकडे एडीटी २७. त्याचे जनक जपानचे नोरिन १० आणि आपले जीईबी २४. म्हणजे अर्धे रक्त कोनामणीच्या वंशाचे, आणि निवड झाली ती कावेरीच्या पाण्यावर. पण माझे म्हणणे वंशावर उभे नाही. या संकरातून आडुतुरैने काय निवडले ते पाहावे. फक्त जास्त दाणा हवा असता तर इतर कुळ्याही होत्या. सुमारे १०५ दिवसांत तयार होऊन पावसाआधी निघेल असे हळवे पीक त्यांना हवे होते. कुरुवै वेळेवर निघाले की ताळडी साधते, एकाची दोन पिके होतात, ही गरज तंजावरच्या शेतकऱ्याची होती आणि तिच्याच मापाने निवड झाली. बियाणे जपानचे असो की घरचे, प्रश्न कोणी विचारला यावर त्याचे भवितव्य ठरते. सैदापेटला प्रश्न गव्हर्नरांनी विचारला होता.

१९६० च्या दशकाच्या मध्यावर एडीटी २७ शेतात आले तेव्हा तंजावर हा सघन शेती कार्यक्रमासाठी देशात निवडलेल्या पहिल्या सात जिल्ह्यांपैकी एक होता. खत, कर्ज आणि सल्ला एकत्र पुरवण्याची ती योजना होती. १९३४ मध्ये पुरे झालेल्या मेट्टूर धरणामुळे जूनमध्ये पाणी सोडण्याची घडी बसली होती. बियाणे, पाणी आणि पैसा अशा तीन गोष्टी एकाच वेळी जुळल्या आणि एडीटी २७ कुरुवैच्या शिवारात झपाट्याने पसरले. पसरल्यावर नवे संकट उभे राहिले. पीक आता मोठ्या प्रमाणावर पावसाळ्याच्या तोंडावर निघू लागले आणि ओले भात खळ्यावर सडू लागले, कोंब धरू लागले. त्या ओल्या भाताचे काय करायचे, या अडचणीतून १९६७ मध्ये तिरुवारूरच्या आधुनिक भातगिरणीत संशोधनाची शाखा निघाली. भात वाळवण्याच्या आणि उकडण्याच्या पद्धतींवर तिथे काम झाले, आणि आज तंजावरला असलेली अन्नप्रक्रिया तंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था तिच्यातूनच वाढली. शेतावरच्या एका वाणाने गावाच्या खळ्यावर प्रश्न टाकला आणि त्या प्रश्नाने दुसरी संस्था जन्माला घातली. प्रयोगशेताचे यश मोजायचे तर मला हे माप सर्वांत खरे वाटते.

दुसरा आक्षेप याहून जड आहे, आणि तो टाळून या संस्थेचा इतिहास लिहू नये. पीक दुप्पट झाले, पण कोणाचे? तंजावरची जमीन मिरासदारांची, घाम पण्णैयाळांचा. पण्णैयाळ म्हणजे पिढीजात बांधलेला शेतमजूर, आपल्या सालगड्याहूनही अधिक जखडलेला आणि बहुतेक दलित. १९५२ मध्ये त्याच्यासाठी आणि कुळांसाठी तंजावर जिल्ह्यापुरता वेगळा कायदा करावा लागला, यावरून परिस्थितीचा अंदाज येतो. दुबार पीक आले तसा मजुरीचा प्रश्न तापला. २५ डिसेंबर १९६८ रोजी कीळवेणमणी या गावी मजुरीच्या लढ्यातून ४४ दलित माणसे, त्यांत बहुतांश बायका आणि मुले, एका झोपडीत जिवंत जाळली गेली. हे गाव तेव्हा तंजावर जिल्ह्यातच होते. बियाण्याने ती आग लावली, असे मी म्हणणार नाही. ती आग जमिनीच्या आणि जातीच्या जुन्या व्यवस्थेने लावली. पण केंद्राच्या नोंदवहीत एकरी उतारा होता, दिवस होते, दाण्याची जाडी होती आणि मजुरीचा रकाना नव्हता. शेतकऱ्याच्या शिवारातून नमुना उचलला, असे म्हणताना ‘शेतकरी’ या शब्दात लावणी करणारी बाई आणि कापणी करणारा मजूर आले नाहीत, ही उणीव मान्य करावीच लागते. माझा युक्तिवाद इथे तोकडा पडतो. शेतीचे ज्ञान शेतातून घेतले, पण शेतातल्या सगळ्यांकडून घेतले नाही.

तिसरा आक्षेप आपल्या काळातला. संकरित आणि सुधारित वाणांनी देशी धाने हुसकली, असे सेंद्रिय शेतीची चळवळ सांगते. तिचे अध्वर्यू नम्माळ्वार हे तंजावर जिल्ह्यातलेच. कोविलपट्टीच्या सरकारी केंद्रातली नोकरी त्यांनी सोडली, कारण तिथले प्रयोग कोरडवाहू शेतकऱ्याच्या कामाचे नाहीत, असे त्यांचे मत झाले. त्यांच्याकडून प्रेरणा घेऊन ‘नेल’ जयरामन यांनी तिरुत्तुरैपूंडीजवळच्या आदिरंगम येथे देशी भाते गोळा केली आणि ती संख्या दीडशेच्या पुढे गेली. २००६ पासून त्यांनी बियाण्यांचा उत्सव भरवला. तिथे शेतकऱ्याला दोन किलो बियाणे मिळे आणि पुढच्या वर्षी त्याने चार किलो परत आणायचे. या दोघांच्या कामाविषयी मला आदर आहे, आणि त्यांचे म्हणणे आडुतुरैच्या आरंभाशी जुळणारे आहे, असेही मला वाटते. सिरुमणीच्या आणि कोरंगु सांब्याच्या लोंब्या निवडणारे पहिले केंद्र आणि आदिरंगमचा बियाणे-उत्सव यांच्यामध्ये जितके अंतर वाटते तितके नाही. दोघांच्याही कामाची सुरुवात शेतकऱ्याच्या कोठीतून झाली. फरक एवढाच की एकाने त्यातून एक ओळ निवडली आणि दुसऱ्याने सगळ्याच ठेवल्या. दोन्ही कामे हवीत. मिश्र ठेवा नाहीसा झाला, तर पुढच्या पिढीला निवड करायला काही उरणार नाही.

आडुतुरैने भाताखेरीज जे काम केले, त्याकडे फारसे लक्ष जात नाही. त्याचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण या संस्थेचा स्वभाव तिथे सगळ्यांत स्वच्छ दिसतो. कावेरीकाठचा शेतकरी सांबा किंवा ताळडी काढण्यापूर्वी आठ-दहा दिवस उभ्या भातातच उडीद आणि मूग फेकतो. वरून पाणी द्यायचे नाही, नांगरायचे नाही. चिखलात उरलेल्या ओलीवर आणि पहाटेच्या दवावर कडधान्य येते. आपल्या भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यात उभ्या धानात लाखोळी फेकतात तीच ही रीत. केंद्राने ही रीत बदलली नाही. तिला जे बियाणे हवे होते, ते शोधले. भाताच्या सावलीत उगवणारे, पाणी न मागणारे आणि कोरड पडण्याआधी शेंगा भरणारे उडीद. एडीटी ३ या नावाचा उडीद या निवडीतूनच आला. जानेवारी-फेब्रुवारीत कुंभकोणमच्या आसपास भात कापले जाते, आणि विळा फिरत असतानाच खाली उडदाची दोन पाने वर आलेली असतात.